दाबोळीची धावपट्टी: 18 डिसेंबर 1961 ची रात्र आणि पुढची साठ वर्षं

कोकणात सपाट जमीन हवी असेल तर सड्यावर जावं लागतं. खाली खाड्या, शेतं आणि माड; वर जांभ्याचं पठार, जिथे पावसाळ्यातल्या गवताखेरीज फारसं काही येत नाही. रत्नागिरी, चिपी, मोपा, दाबोळी या सगळ्या धावपट्ट्या सड्यावरच आहेत. सड्यावर पाणी तुंबत नाही आणि भरावाचा दगड हाताशी असतो. अडचण लांबीची. दोन्ही अंगांना उतार लागतो आणि पट्टी वाढवायची तर भराव टाकत सुटावं लागतं. मुरगावच्या भूशिरावर, वास्कोपासून चार किलोमीटरवर असलेल्या दाबोळीचं पश्चिम टोक समुद्राच्या कड्याकडे जातं.

या प्रकरणात धावपट्टी एकच आहे. तिची दिशा पूर्व-पश्चिम, वैमानिकांच्या भाषेत 08/26, आजची लांबी सुमारे 3,400 मीटर. 1961 च्या गोवा मुक्तीच्या युद्धात तिच्यावर पहिल्याच फेरीत 63,000 पौंड बॉम्ब पडले आणि त्याच रात्री तिच्यावरून दोन चार-इंजिनी विमानं उडाली. शांततेत मात्र लढाऊ विमानाची इंधनाची एक टाकी सुटून पडली की तीच पट्टी तासन्‌तास बंद राहते. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात. धावपट्टी किती वापरण्याजोगी आहे हे ती वापरणारा किती धोका पत्करायला तयार आहे यावर ठरतं.

नाकेबंदीतून आलेला विमानतळ

1955 मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी घट्ट केली आणि मुरगाव बंदरात येणारी रेल्वे थांबली. समुद्र मोकळा होता, पण लिस्बनहून येणाऱ्या जहाजाला आठवडे लागत. त्यामुळे विमानतळ ही चैन उरली नाही. 249 एकरांवर बांधलेली दाबोळीची पट्टी मे 1955 मध्ये सुरू झाली. पुढे तिला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचं नाव देण्यात आलं. त्याच वर्षी ‘ताइप’ ही गोव्याची स्वतःची विमान कंपनी उभी राहिली. तिच्याकडे हेरॉन, वायकिंग आणि नंतर डीसी-4, डीसी-6 अशी विमानं होती. दमण, दीव आणि कराची हे तिचे रोजच्या कामाचे मार्ग. भारतावरून उडता येत नसल्यामुळे बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ता कराचीतून जाई. हा कराचीचा धागा पुढे पुन्हा येणार आहे.

नाव मुलकी असलं तरी कामाच्या दृष्टीने हा लष्करी मालमत्तेचाच तुकडा होता. गोव्यात पोर्तुगीजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं. विमानविरोधी तोफा मोजक्याच आणि जुन्या होत्या. कुमक येणार असेल तर ती याच पट्टीवर उतरणार, हे दिल्लीला दिसत होतं आणि लिस्बनलाही.

इमारती सोडा, पट्टी फोडा

गोवा घेण्याच्या भारतीय लष्करी मोहिमेची, ‘ऑपरेशन विजय’ची हवाई बाजू एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं पुण्याच्या लोहगावहून निघणार होती, हंटर लढाऊ विमानं बेळगावजवळच्या सांबऱ्याहून. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनल आणि इतर सुविधांना हात लावायचा नाही, असा आदेश होता. बांबोळीचं वायरलेस केंद्र वेगळ्या तुकडीला दिलं होतं.

हा आदेश सभ्यपणाचा वाटतो, पण त्यात व्यवहारही होता. कंट्रोल टॉवर, इंधनाच्या टाक्या, वीजपुरवठा, दळणवळणाची उपकरणं हे पुन्हा उभं करायला महिने लागतात आणि सामान बाहेरून आणावं लागतं. धावपट्टीचं तसं नसतं. ती म्हणजे खडी, माती, डांबर किंवा काँक्रीट. रोलर आणि मजूर असले की ती परत येते. आठवड्याभरात जो तळ आपल्याच हातात येणार आहे, त्याचा दुरुस्तीला सर्वांत स्वस्त भाग फोडणं हे हिशेबाचं काम होतं.

18 डिसेंबरला सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरा आल्या आणि काही मिनिटांत 63,000 पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकून गेल्या. सरासरी काढली तर विमानामागे सव्वापाच हजार पौंड. दुसऱ्या फेरीत विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या 8 कॅनबेरा आल्या. दोन्ही फेऱ्यांनंतर इमारती उभ्या होत्या. ॲप्रनवर, म्हणजे टर्मिनलसमोर विमानं उभी करायच्या फरसबंद जागेवर, दोन विमानंही उभी होती: पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि ताइपचं एक डीसी-4. इमारती वाचवायच्या म्हटल्यावर त्यांच्या पुढ्यातलं ॲप्रनही आपसूक वाचलं, हा आदेशाचा न बोललेला परिणाम.

पट्टी ‘उद्ध्वस्त’ म्हणजे नेमकं काय

अहवालात ‘धावपट्टी उद्ध्वस्त’ असं एका ओळीत येतं. जमिनीवरचं चित्र जास्त गुंतागुंतीचं असतं.

अर्धा टनाचा बॉम्ब फरसबंदीत घुसून फुटला की साधारण 10 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल खड्डा पडतो. जमीन कशी आहे त्यावर आकडे कमीजास्त होतात. दिसणारा खड्डा हे नुकसानाचं अर्धंच चित्र. कडेची फरसबंदी फुगून वर उचललेली असते आणि तिच्याखाली पोकळी असते. चाक गेलं की ती खचते. म्हणून दुरुस्ती करणारे खड्ड्याच्या कडेपासून बाहेर सरकत, फरसबंदी जिथे जमिनीला खरोखर टेकलेली आहे तिथपर्यंत सगळं तोडत जातात. 10 मीटरचा खड्डा तोडून झाल्यावर 15 मीटरचा होतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे बॉम्ब खोल जाऊन आतच फुटतो आणि वर फक्त एक भोक दिसतं. आत विहीर तयार झालेली असते. आणि न फुटलेले बॉम्ब असतातच.

खड्डा भरण्याचा पक्का क्रम असा. आधी न फुटलेले बॉम्ब शोधून बाजूला खूण करायची. उचललेली कड तोडायची. पाणी असेल तर उपसायचं. तळाशी मोठा राडारोडा टाकायचा, त्यावर 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत खडी आणि मुरूम, प्रत्येक थर दाबून. शेवटचा थर आजूबाजूच्या फरसबंदीशी समपातळीत हवा. दोन-तीन सेंटिमीटरचा उंचवटाही वेगात असलेल्या पुढच्या चाकाला हिसका देतो. वर डांबर, काँक्रीट किंवा पोलादी जाळ्या. थर न दाबता एकदम भरला तर पहिलं विमान निभावतं आणि दुसऱ्याच्या चाकाखाली भराव बसतो.

सामानाचा हिशेब केला तर 10 मीटर रुंद, 3 मीटर खोल खड्ड्याला, वाटीसारखा आकार धरून, सव्वाशेच्या आसपास घनमीटर भराव लागतो. 5 घनमीटरच्या ट्रकने पंचवीसेक खेपा, एका खड्ड्याला. अख्खी पट्टी एका रात्रीत भरणं शक्यच नव्हतं.

म्हणून अशा वेळी अख्खी पट्टी भरत नाहीत. नकाशा काढून खड्ड्यांच्या मधून सर्वांत लांब, सर्वांत कमी फुटलेला पट्टा शोधतात. रुंदीही पूर्ण लागत नाही. कॉन्स्टेलेशनच्या दोन मुख्य चाकांमधलं अंतर साधारण साडेआठ मीटर; वैमानिकाचा हात बसलेला असेल आणि वारा आडवा नसेल तर वीसेक मीटर रुंदीचा पट्टा पुरतो. 18 डिसेंबरच्या संध्याकाळी विमानतळावरच्या कामगारांनी घाईघाईत पट्टीचा एक भाग वापरण्याजोगा केला. ऋतू त्यांच्या बाजूने होता. डिसेंबरात सडा कोरडा ठणठणीत असतो, जांभ्याचा चुरा दाबला की बसतो. हेच जुलैमध्ये झालं असतं तर खड्डे दुपारपर्यंत पाण्याने भरले असते आणि खालची चिकण माती चिखल झाली असती.

सातशे मीटर

रात्री अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन आधी कॉन्स्टेलेशन निघालं. कप्तान मानुएल कोरैया रैश. वापरलेली धाव सुमारे 700 मीटर.

या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. सुपर कॉन्स्टेलेशनचं उड्डाणाचं कमाल वजन 62 टनांच्या पुढे, आणि त्या वजनाला याच्या दुपटीहून जास्त पट्टी लागते. पण धावेची लांबी ढोबळमानाने वजनाच्या वर्गाच्या (वजन गुणिले वजन) प्रमाणात बदलते. 62 ऐवजी 45 टन वजन धरलं तर धाव जवळजवळ निम्मी होते. दाबोळी ते कराची सरळ रेषेत 1,300 किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे अटलांटिक ओलांडायला बांधलेल्या विमानाला टाक्या भरायची गरज नव्हती. जास्तीच्या खुर्च्या आणि नको ते सामान उपटून बाहेर टाकण्यात आलं. ब्रेक दाबून धरून चारही इंजिनं पूर्ण जोरावर आणायची आणि मग सोडायचं, ही अशा उड्डाणाची नेहमीची रीत.

जे गमावलं ते नियमात मोजतात. प्रवासी विमानाच्या उड्डाणात एक ठरावीक वेग असतो: त्याआधी इंजिन बंद पडलं तर उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे, त्यानंतर पडलं तर उरलेल्या इंजिनांवर उडता आलं पाहिजे. 700 मीटरमध्ये हा हिशेब बसत नाही. मध्ये एक असा टप्पा राहतो जिथे थांबताही येत नाही आणि उडताही येत नाही. त्या रात्री तो टप्पा पत्करला गेला. पट्टीवर विखुरलेले तुकडे चाकांनी उडवले, विमानाच्या अंगाला 25 भोकं पडली आणि एक टायर गेला. विमान तरीही कराचीला पोचलं. मागोमाग ताइपचे संचालक मेजर सोलानु द आल्मैदा डीसी-4 घेऊन गेले.

भारताची विमानं गस्तीवर असताना दोन अवजड विमानं निसटली कशी? रात्र होती आणि ती समुद्रालगत अगदी खालून गेली. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारला क्षितिज असतं. 100 मीटर उंचीवर अँटेना धरली तर 3,000 मीटरवरचं विमान अडीचशेहून जास्त किलोमीटरवर दिसू शकतं, पण लाटांपासून 50 मीटरवर चाललेलं विमान 70 किलोमीटरच्या पलीकडे दिसतच नाही. त्या काळातल्या रडारवर लाटांचा गोंधळ असायचा तो वेगळाच.

हवाई दलावर यासाठी बोट ठेवणारे आहेत. आम्हाला ते अन्यायाचं वाटतं. त्यांना दिलेलं काम कुमक उतरू न देण्याचं होतं, आणि ते झालं: दाबोळीवर कुणी उतरलं नाही. उतरणं आणि उडणं यांत फरक आहे. भरलेलं विमान उतरवायला वैमानिकाला पट्टी कुठे आहे आणि खड्डा कुठे आहे हे वरून, अंधारात कळावं लागतं. उडणाऱ्याला सकाळपासून पायी फिरून ते माहीत असतं. 19 डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, मे 1962 मध्ये, पोर्तुगीज युद्धकैदी भाड्याच्या फ्रेंच विमानांतून गोव्याहून निघाले, पुन्हा कराचीमार्गेच.

नौदलाकडे का

एप्रिल 1962 मध्ये लष्करी गव्हर्नर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या काळात दाबोळी नौदलाच्या ताब्यात गेली. विमानवाहू विक्रांत नुकतीच, नोव्हेंबर 1961 मध्ये, मुंबईला पोचली होती. विमानवाहू जहाज बंदरात किंवा गोदीत असतं तेव्हा त्याची विमानं किनाऱ्यावर राहतात, आणि त्यांना समुद्राजवळच जागा लागते. विक्रांतवरच्या सीहॉक लढाऊ विमानांचा तळ ‘हंसा’ 5 सप्टेंबर 1961 ला कोइम्बतूरजवळ सुलूरला सुरू झाला होता. जून 1964 मध्ये तो दाबोळीला हलला. पुढे इथेच 1977 मध्ये इल्यूशिन-38 ही गस्ती विमानं आली, डिसेंबर 1983 मध्ये सी हॅरिअर लढाऊ विमानं, 1988 मध्ये अजस्त्र तुपोलेव-142 गस्ती विमानं. तुपोलेव 1992 मध्ये अरक्कोणमला गेली, जिथे चार किलोमीटरहून लांब पट्टी बांधली होती. सड्यावर ती सोय होणार नव्हती.

मुलकी विमानं याच पट्टीच्या एका कोपऱ्यात होती. नौदलाकडे सुमारे 1,700 एकर आणि प्रवाशांच्या वाट्याला, नवं टर्मिनल होईपर्यंत, 36 एकर. नोव्हेंबर 1983 मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची बैठक गोव्यात आली तेव्हा टर्मिनल सुधारलं. त्या दशकाच्या अखेरीस युरोपातून चार्टर विमानं येऊ लागली. मग गर्दी थांबली नाही.

एक पट्टी, दोन वेळापत्रकं

दाबोळीत वर्षानुवर्षं एक नियम होता: सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक, मुलकी उड्डाणं बंद. ते तास नौदलाच्या प्रशिक्षणाचे. हवाई नियंत्रणही नौदलाचंच. गोव्याला पहाटे चारला विमान का आहे, किंवा दुपारी दीडनंतर टर्मिनलवर जत्रा का भरते, याचं उत्तर या साडेचार तासांत होतं.

बाहेरून हा हट्ट वाटतो. पण डेकवर उतरणारा वैमानिक आधी जमिनीवर तेच उतरणं पुन्हा पुन्हा करतो: टेकायचं, लगेच पूर्ण जोर देऊन उडायचं, फेरी मारून परत. एका फेरीला काही मिनिटं. मध्ये एक बोइंग 737 प्रवासी विमान घुसवलं की सगळी साखळी तुटते, कारण त्याच्या मागची हवा लढाऊ विमानाला घुसळून टाकते आणि अंतर ठेवावं लागतं. त्यात दाबोळीला बराच काळ पूर्ण लांबीचा समांतर टॅक्सीमार्ग नव्हता. उतरलेलं विमान टोकाला वळून पट्टीवरूनच मागे येई. दीड किलोमीटर परत यायला ताशी 30-35 किलोमीटरने अडीच-तीन मिनिटं, आणि तेवढा वेळ पट्टी बंद. बारमाही गर्दीच्या विमानतळाला हा तोटा मोठा. पट्टीचं भांडण आहे असं सगळे म्हणत. निम्मं भांडण टॅक्सीमार्गाचं होतं.

आणि पट्टी बिघडली तर? जून 2019 मधल्या एका शनिवारी उड्डाण घेणाऱ्या मिग-29के ची जादा इंधनाची टाकी सुटून पट्टीवर पडली, इंधन सांडलं, पेटलं. विमान सुखरूप परतलं. आग विझवणं हे यातलं लहान काम. केरोसीन जातीचं इंधन डांबर मऊ करतं, म्हणून फेसासकट ते धुवून काढावं लागतं. मग झाडणी, मग पट्टी चालत तपासणं, मग नोटॅम, म्हणजे पट्टी बंद असल्याची वैमानिकांना दिलेली सूचना, उठवणं. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं, त्यामुळे बोटाच्या पेराएवढा पत्र्याचा तुकडाही चालत नाही. लष्करी तळांवर सकाळी माणसं एका ओळीत, नजर खाली ठेवून, पट्टीभर चालतात ती याचसाठी: खडा, रिव्हेट, नट, काहीही वेचायला. 1961 च्या त्या रात्री असे तुकडे शेकड्यांनी पडलेले होते आणि 25 भोकांवर निभावलं. पिस्टन इंजिनाचा पंखा दगड झेलतो. टर्बाइन झेलत नाही.

27 डिसेंबर 2016 ची पहाटेची घटना दुसऱ्या प्रकारची. पाचच्या सुमारास मुंबईकडे निघालेलं 737 धावेला सुरुवात करतानाच उजवीकडे ओढलं गेलं, पट्टी सोडून गोल फिरलं आणि कडेच्या जमिनीत थांबलं. विमानात 161 जण होते; पंधराएक जखमी झाले. दोन्ही इंजिनं सारख्या वेगावर स्थिरावण्याआधी पूर्ण जोर दिला गेला, एक आधी चढलं, दुसरं मागे राहिलं. कमी वेगात रडरला, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूला, हवा पुरेशी मिळत नाही, त्यामुळे विमान आवरत नाही. म्हणून इंजिनाच्या चाळीसेक टक्के वेगावर थांबून दोन्ही काटे जुळलेले पाहणं हा नियम आहे. असं विमान हटवताना घाई करता येत नाही: तपास यंत्रणेची परवानगी, मग इंधन उपसणं, मग पंखाखाली फुगणाऱ्या पिशव्या, मऊ जमिनीवर पोलादी पत्रे, मग ओढणं. तेव्हा पर्यायी पट्टी नव्हती, आणि गोव्याला येणारं सगळं बंगळूर-मुंबईकडे वळे.

नोव्हेंबर 2023 मध्ये तर पट्टीवर कुत्रं दिसलं म्हणून बंगळूरहून आलेलं विमान उतरता उतरता माघारी गेलं.

मोपानंतर

नौदलाने कारवारला जावं ही मागणी गोव्यात अनेक वर्षं होत राहिली. तिच्यात एक अडचण होती: कारवारला नौदलाचं बंदर होतं, धावपट्टी नव्हती. शेवटी उलटं झालं. प्रवाशांसाठी पेडण्याच्या सड्यावर मोपाला नवा विमानतळ बांधला गेला आणि 5 जानेवारी 2023 पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. दाबोळीतून काही कंपन्या तिकडे सरकल्या, काही दोन्हीकडे राहिल्या. वास्कोच्या टॅक्सीवाल्यांना आणि दक्षिण गोव्यातल्या हॉटेलांना हे जाणवलं.

हंसाच्या आवारात दरम्यान जहाजाच्या डेकची नक्कल उभी राहिली होती: 14 अंशांनी वर वळलेली उडीची पट्टी आणि उतरणाऱ्या विमानाला थांबवणाऱ्या तारा. 20 डिसेंबर 2014 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलाचं तेजस त्या पट्टीवरून उडवलं. 13 सप्टेंबर 2019 रोजी त्यांनीच ते तारेत अडकवून उतरवलं. विमानवाहू जहाज विक्रमादित्यच्या डेकवर तारेत अडकलेलं विमान 90 मीटरच्या आसपास थांबतं. तेजसचं तसं उतरणं जानेवारी 2020 मध्ये विक्रमादित्यवर प्रत्यक्ष झालं. इल्यूशिन-38 ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस निवृत्त झाली; त्याआधीच, मार्च 2022 मध्ये, पी-8आय या गस्ती विमानांची तुकडी इथे आली होती. पी-8आय चं मूळ अंग बोइंग 737 चंच आहे, त्यामुळे नौदलाचं लांब पल्ल्याचं गस्ती विमान आणि मुंबईचं प्रवासी विमान आता एकाच पट्टीवर, जवळपास सारख्याच चाकांवर धावतात.